दाखवायचं घर

दाराच्या कुलपात किल्ली फिरली तेव्हा पाओ-चू न्हाणीघरात गुडघे टेकून फरश्यांच्या फटींतली बुरशी घासत होती. लोक घर बघायला येणार होते ते दुपारी. तोवर सगळं लख्ख करून, खिडक्या उघडून ती निघून जाणार होती, नेहमीसारखी. पण कीलुंग बंदराच्या पावसाळी हवेतली बुरशी ती, निघता निघेना. आणि आता दाराशी छत्र्या झटकल्या जात होत्या, चपला काढल्या जात होत्या, आणि एक पुरुष मोकळेपणी हसत होता.

ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. छ्यू साहेबांचं. घर भाड्याने लावून देणारे हे दलाल तिने कधी पाहिले नव्हते. करारावर सही त्यांच्या दुकानातल्या मुलीने घेतली, घराची एक किल्लीही तिनेच घेतली. साहेब भेटायचे ते फोनवर.

त्यांनी न्हाणीघरात डोकावलं. त्यांना दिसलं ते डोक्याला फडकं, हातात रबरी मोजे, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार.

"चालू द्या, मावशी," ते म्हणाले. "आम्ही बघून लगेच निघतो."

घर माझंच आहे, असं सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण आपला अवतार आठवून तिने नुसती मान हलवली आणि पुन्हा ब्रश हातात घेतला.

पाओ-चूचा नवरा चिन-शुई गोदीत माल उतरवायचा. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात त्याला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून टेकडीवरच्या शुश्रूषागृहात त्याच्यासाठी पलंग घेतला. तिथल्याच स्वयंपाकघरात पाओ-चूने काम धरलं आणि तांदळाच्या पोत्यांशेजारी आपली खाट टाकली. घर मोकळं झालं होतं. ते भाड्याने द्यायचं, भाड्यातून पलंगाचा खर्च भागवायचा, एवढा साधा बेत होता.

घर मात्र लागेना. आधी छ्यू साहेब म्हणाले, सातवा महिना, भुतांचा, या दिवसांत घर कोण बदलतं? मग म्हणाले, चंद्राचा सण होऊन जाऊ द्या. मग म्हणाले, पाऊस लागलाय, लोक बाहेर पडत नाहीत. पण बघायला बरीच माणसं येतात, ताई, तुम्ही घर स्वच्छ ठेवता ना, त्याचं सगळे कौतुक करतात. त्या एका वाक्यावर ती दर रविवारी टेकडी उतरून यायची आणि घासत बसायची.

शिल्लक संपत आली. शुश्रूषागृहाच्या बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांचाही नाइलाज होता. महिनाअखेर सोय झाली नाही तर चिन-शुईला दूर, यीलानच्या पलीकडे, सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत हलवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी घाबरलेल्या पाओ-चूने छ्यू साहेबांना फोन केला आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. सांगताना ती रडली. "तुमचं दुःख ते माझं दुःख, ताई," छ्यू साहेब म्हणाले होते.

आज त्यांच्याबरोबर दोन बहिणी आल्या होत्या. बंदराजवळ त्या न्याहारीचं दुकान चालवत असाव्यात, कारण बोलणं सगळं पहाटे उठण्याचं आणि पीठ मळण्याचं होतं. थोरलीला स्वयंपाकघर आवडलेलं दिसलं. ओट्याजवळच्या खिडकीतून बोटी दिसतात, असं तिने धाकटीला हाक मारून दाखवलं. पाओ-चूचा हात थांबला. लागलं, तिला वाटलं. देवा, लागलं घर.

"दिसतात बोटी," छ्यू साहेब म्हणाले, "पण बोटी बघायला वेळ कुणाला आहे? चार जिने आहेत. भिंतींना ओल आहे. न्हाणीघरात बघा, बाई बिचारी सकाळपासून घासतेय."

मग ते आवाज खाली आणून बोलू लागले. "तुम्ही कष्टाची माणसं, म्हणून खरं सांगतो. या घराला बरकत नाही. मालक इथेच आडवा झाला, तेव्हापासून लुळा पडलाय. आणि मालकीण म्हणजे नुसती कटकट. ऊठसूट फोन करून रडत बसते. उद्या तुमच्या डोक्यावर येऊन बसेल. मागच्या गल्लीत माझ्याकडे लिफ्टचं घर आहे, नवं कोरं. मी माणसांना आधी हे दाखवतो, मग ते. म्हणजे फरक आपोआप कळतो."

धाकटी हसली. थोरली हसली नाही, पण खिडकीपासून दोन पावलं मागे सरकली.

पाओ-चूला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. इतके रविवार. इतकी माणसं. आपण घर घासत होतो ते दुसऱ्याचं घर खपावं म्हणून. ती मोजे हातात तसेच ठेवून उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

"तो इथे नाही पडला," ती म्हणाली. "तो गोदीच्या खानावळीत पडला, हातात वाटी असताना. या घरात त्याला कधी साधा ताप नाही आला."

आवाज ऐकताच छ्यू साहेबांचा चेहरा उतरला. हा आवाज त्यांनाही पाठ होता. पण पाण्यात पडलेलं मांजर जसं लगेच अंग झटकतं, तसे ते सावरले.

"अहो ताई, तुम्ही? आधी सांगायचं नाही का?"

"मावशी म्हणालात," ती म्हणाली. "म्हटलं, बघू काय म्हणता."

बहिणी अवघडून चपला शोधू लागल्या. थोरली जाताना तिच्यासमोर वाकली, माफ करा म्हणाली, पण गेली. खाली गल्लीत त्या तिघांच्या छत्र्या मागच्या गल्लीकडे वळलेल्या पाओ-चूने खिडकीतून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून सुट्टी घेऊन ती छ्यू साहेबांच्या दुकानात गेली. त्यांनी चहा पुढे केला. गैरसमज झाला, म्हणाले. धंद्यात चार गोष्टी बोलाव्या लागतात. किल्ली परत मागितली तेव्हा त्यांनी करार काढून दाखवला. मुदत संपेपर्यंत घर दुसऱ्या कुणी लावायचं नाही, मालकिणीनेही नाही. मात्र त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. अर्ध्या भाड्याने घ्यायला तयार होता, आत फळ्या ठोकून खोल्या पाडणार होता.

पाओ-चू अर्ध्या भाड्यालाही हो म्हणाली. फळ्यांनाही हो म्हणाली. पण पैसे या महिन्यात हवेत, असं तिने सांगितलं, आणि सांगताना ती कमरेत इतकी वाकली की कपाळ टेबलाला लागलं. छ्यू साहेब म्हणाले, तो माणूस सध्या परदेशी गेलाय, आला की बघू.

मग तिच्या आत काहीतरी तुटलं. ती भांडली नाही, तिथल्या बाकावर बसून राहिली. गिऱ्हाईक आत आलं की ती उठून उभी राहायची. "माझं घर चौथ्या मजल्यावर आहे," ती सांगायची. "लिफ्ट नाही. ओल येते, पण आठवड्याला पुसलं की जाते. स्वयंपाकघरातून बोटी दिसतात. हे साहेब तुम्हाला ते आधी दाखवतील आणि मग दुसरं दाखवतील." एवढं बोलून ती परत बसायची. लोक चमकून एकमेकांकडे बघत. एक म्हातारा छत्री न उघडताच बाहेर पडला.

छ्यू साहेबांनी आधी हसून घेतलं, मग समजावलं, मग पोलिसांना बोलावतो म्हणाले. बोलवा, ती म्हणाली, त्यांनाही घराचं सांगते. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी किल्ली टेबलावर आपटली आणि करार फाडला.

"घ्या तुमचं घर. कोण येतं बघू."

बाहेर येऊन ती बसथांब्यावर बसली. किल्ली मिळाली होती, पण महिना सरत आला होता.

तिने लाल कागद आणून त्यावर 'घर भाड्याने देणे आहे' असं लिहिलं, खाली आपला फोन नंबर घातला आणि गल्लीगल्लीतल्या भिंतींवर चिकटवला. पावसाने कागदांचा लाल रंग भिंतीवरून ओघळला. तिने नवे लिहिले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून लावले. स्वयंपाक करताना फोन ओट्यावर, तिच्या डोळ्यांपुढे असायचा. पण तो वाजला नाही.

महिनाअखेर गाडी आली. चिन-शुईला उचलून गाडीत घेताना त्याने डावा हात दाराच्या चौकटीला घट्ट धरला. पाओ-चूने ती बोटं एकेक करून सोडवली. शुश्रूषागृहाच्या बाईंनी वाटेत खायला चहाच्या पाण्यात उकडलेली सहा अंडी बांधून दिली. पलंगावर त्याच दुपारी दुसरा रुग्ण येणार होता.

यीलानपलीकडच्या त्या गावात तिला एका शेवयांच्या दुकानात भांडी घासायचं काम मिळालं. दुपारची गर्दी ओसरली की ती संस्थेत येऊन चिन-शुईला पेज भरवायची. एका वाडग्याला तास लागायचा. चौथ्या दिवशी की पाचव्या, ती चमचा फुंकत असताना फोन वाजला.

कुणी बाई होती. लाल कागद वाचला म्हणाली. घर अजून आहे का?

आहे, पाओ-चू म्हणाली. चौथा मजला, लिफ्ट नाही, ओल येते. किल्ली तळमजल्यावरच्या शिंपिणीकडे ठेवलीय, हवं तेव्हा जाऊन बघा. बोलण्यावरून बाईला घर आधीच आवडलेलं दिसत होतं. जिन्यांचं काही नाही म्हणाली, मुलं लहान आहेत, पळतील. मग जरा थांबून तिने विचारलं, "आधी कोण राहायचं तिथे?"

"नवरा-बायको होती."

"चांगली होती ना माणसं? घराचं आपलं विचारून घ्यावं."

"चांगली होती," पाओ-चू म्हणाली. "आता बाहेरगावी गेली."

चिन-शुईच्या हनुवटीवरून पेज ओघळली होती. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि फडक्याच्या कोरड्या कोपऱ्याने ती पुसली.