उकळलेली चांदी

मी एक जुनी चांदीची लगड, म्हणजे नुसता ओतीव तुकडा आहे. चाळीसगावात कमलबाईंच्या कपाटात, साड्यांच्या खाली मी राहते. अंगावर ना नक्षी, ना घुंगरू. पण मित्रांनो, मी पहिल्यापासून अशी नव्हते.

कमलबाईंच्या आईच्या पायांत तोड्यांची जोडी होती. त्यातला एक तोडा म्हणजे मी. मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागेतून ती घरी येऊ लागली, की आमचा आवाज ऐकून तिच्या दोघी मुली दाराशी धावत.

आई गेली, तेव्हा वाटणीवरून दोघींत बोलाचाली झाली. थोरल्या मंदाबाई माझा जोडीदार घेऊन धुळ्याला गेल्या. धाकट्या कमलबाईंनी रागाच्या भरात मला लोटन सराफांपुढे ठेवले. जोडीतला दुसरा ज्यांच्याकडे आहे, त्यांना आधी विचारा, असे ते म्हणाले. कमलबाईंनी ऐकले नाही. भट्टीतली मूस लाल झाली, मी वितळून उकळले आणि साच्यात थंड होऊन मुकी झाले.

त्याला अकरा वर्षे झाली. बहिणी बोलल्या नाहीत. मला मात्र रोज जोडीदाराची आठवण येई.

यंदा कमलबाईंची नात मयुरी जळगावच्या सराफ बाजारात नोकरीला लागली. दुकानाच्या पाटीवर ‘बुलियन’ लिहिलेले. तिने अर्थ शोधला आणि घरी येऊन आजीला सांगितला. बुलियन म्हणजे सोन्याचांदीच्या लगडी. फ्रेंचमधल्या उकळण्याच्या शब्दावरून तो आला, असे म्हणतात.

कमलबाईंनी मला बाहेर काढून मांडीवर घेतले.

“रागमा उकळनू मी,” त्या म्हणाल्या, “नि आटना मायना तोडा.”

मग त्यांनी मयुरीला धुळ्याचा फोन लावायला सांगितला.

दुसऱ्याच दिवशी मंदाबाई आल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. माझा जोडीदार! झिजलेला, पण तोच. कमलबाईंनी मान खाली घालून मला पुढे केले. मंदाबाईंनी माझ्या सपाट अंगावरून बोट फिरवले.

“तुनाकरताच ठेयेल व्हता,” त्या म्हणाल्या. “तू बलावशी म्हनीसन वाट देखी.”

उद्या त्याच्या नमुन्यावर मला पुन्हा घडवणार आहेत. मयुरी स्वतःच्या लग्नात दोन्ही घालील. मला आनंद आहे. पण आईच्या चालण्याने आलेली झीज सराफ कुठून आणणार?

मित्रांनो, रागात काही मुशीत टाकू नका. कुणाला हाक मारायची राहिली असेल, तर आजच मारा. चांदी पुन्हा ओतता येते. ती अकरा वर्षे परत येत नाहीत.