दादाची सीडी

मी कारखान्यात मेंटेनन्सला. आमची शिस्त अशी, की बिघाड सापडेपर्यंत एका शिफ्टमध्ये एकच बदल करायचा, लॉगबुकात लिहायचा, मग पुढचा. हीच शिस्त मी पद्मनाभपूरच्या घरात आणली आणि तिथंच घात झाला.

दादा, म्हणजे अरुणकुमार, न विचारता लग्न करून जर्मनीला गेला. सहा वर्षं बाबा त्याचा आवाज ऐकताच फोन आपटत. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा दादानं आपलं बोलणं सीडीवर भरून पाठवलं. बाबा म्हणाले, "लाव. सीडीले उत्तर द्या लागत नाही."

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टिम होती, मीच मोठ्या ऐटीत घातलेली. गाण्यांच्या सीडी छान वाजत. दादाची मात्र उघडेना; पडद्यावर नुसती एरर. दोष माझ्याच सेटिंगचा, असं मी ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी केबल बदलली, दुसऱ्या दिवशी ड्राइव्हमागची जंपरची पिन. मग लिनक्सचा गाभाच, ज्याला कर्नल म्हणतात तो, नव्यानं बांधला, त्यात तीन दिवस गेले. बाबा रोज विचारत, "बोलला का रे तो?"

"उद्या बोलते तो, बाबा."

तारा, माझी बायको, म्हणाली, "नेहरू नगरच्या कॉम्प्युटर क्लासात नेऊन पाहा ना. नाही तं भाऊजींना सांगा, चालत नाही म्हणून."

"मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्याच्या दारात जाईल का?" मी खेकसलो. दादाला कळवायची तर लाजच वाटली.

अकराव्या दिवशी सकाळी बाबा गेले.

दहावं झाल्यावर मी त्या क्लासात गेलो. तिथंही लिनक्सच होतं, फक्त सीडी वाचणारा ड्राइव्ह नवा. सीडी लगेच चालली. "री-राइटेबल है, भाईसाब, बार-बार लिखने वाली सीडी," तिथले सर म्हणाले, "पुराना ड्राइव्ह इसको पढ़ ही नहीं सकता."

दादा बोलत होता, "बाबा, मी चुकलो. मले घरी यायचं आहे. तुम्ही फक्त ये म्हणा, त्याच दिवशी निघतो. फोन नाही आला तर मी समजून घेईन."

बाबांनी ये म्हटलं असतं. मी शपथेवर सांगतो.

संध्याकाळी मी दादाला फोन लावला. बाबा गेल्याचं तारानं त्याला तेव्हाच कळवलं होतं. त्यानं आधी तेच विचारलं, "बाबांनी ऐकलं होतं का?"

हो म्हणावं, तर बाबांनी ऐकूनही बोलावलं नाही असं व्हायचं. "नाही," मी म्हणालो. "माझ्या ड्राइव्हवर चाललीच नाही. तुले सांगायची लाज वाटली."

बराच वेळ तो नुसता रडत होता. मग म्हणाला, "मी तं धाडायच्या आधी माझ्या कॉम्प्युटरवर दोनदा लावून पायली होती रे."