ठेंगणीचा भरवसा

"क्लच पूर्ण दाब. पूर्ण म्हणजे पूर्ण, खाली टेकेपर्यंत," बाई म्हणाल्या.

"दाबलाय हो बाई," गाडी शिकायला आलेली बँकेतली मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "किल्ली फिरवली तर आवाजच येत नाही. माझ्याकडून काही मोडलं का?"

"तू काय मोडणार? ऊठ. मी बघते."

बाईंनी स्वतः किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. समोरच्या गॅलरीतून शिंप्याने लगेच विचारलं, "काय मास्तरीणबाई, आज ठेंगणी रुसली वाटतं?"

वर खिडकीच्या आड बाईंचे यजमान चहाचा कप धरून उभे होते. चहा कधीच गार झाला होता. त्यांच्या पायजम्याच्या खिशात दहा नंबरचा पाना होता. सकाळी बाई आंघोळीला गेल्या तेवढ्यात त्यांनी खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं होतं आणि बॅटरीची वायर काढून ठेवली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोशी केलेली ही त्यांची पहिली लबाडी. म्हणजे गेल्या आठवड्यातली धरली तर दुसरी.

आता ठेंगणी बंद पडली यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याला ठेंगणीचं कूळ माहीत नाही. ही छोटी चार दारांची गाडी बाईंनी कोरी करकरीत घेतली ती ड्रायव्हिंग शिकवायलाच. बाईंच्या बाजूला जादा ब्रेक आणि क्लच बसवून घेतले आणि धंदा सुरू. शिकाऊ माणसाच्या हातात गाडी देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, आणि बाईंनी ते सकाळ-संध्याकाळ दिलं. कुणी गिअर करकरवले, कुणी क्लच जाळला, एका वकिलाने तर मागे घेता घेता विजेच्या खांबाला मिठी मारली. क्लचप्लेटा बदलल्या, टायर बदलले, पट्टे बदलले, पण इंजिन उघडायची वेळ आली नाही. आणि वाटेत ही गाडी कधी उभी राहिली नाही. गावात कुणाला गाडी घ्यायची असली की तो दुकानात जायच्या आधी बाईंना विचारायला यायचा. बाई सांगायच्या, "हीच घ्या. वेळेवर ऑइल घाला, क्लचवर पाय ठेवून बसू नका आणि गाडीला शिव्या देऊ नका. कधी दगा देणार नाही." त्यामुळे गल्लीत दर दोन दारांआड एक ठेंगणी उभी होती, रंग तेवढा वेगळा.

बाईंना एकच विद्यार्थी शिकवता आला नाही, तो म्हणजे घरातला. यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणायचे. डोळ्याला भिंग लावून बोटभर जागेत काम करणाऱ्या माणसाला रस्ता फार रुंद वाटला. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "मला आपलं मागेच बसव." तेव्हापासून ते मागच्या सीटवर सवारीसारखे बसायचे आणि जाता जाता दुकानापाशी उतरायचे. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, मनगटावरची घड्याळं उतरली आणि दुकानात माशा मारायची वेळ आली. तेव्हापासून घर ठेंगणीने चालवलं. बाईंनी त्याचा एका शब्दाने उच्चार केला नाही. यजमानांना मात्र रोज त्याची आठवण असायची.

पंधरवड्यापूर्वी ते असेच मागे बसले होते. स्टिअरिंगवर हीच बँकेतली मुलगी होती. बेकरीपाशी डावीकडे वळायचं होतं. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "वळव, मोकळं आहे." मोकळं कसलं? काठी टेकत एक म्हातारा फुटपाथवरून खाली उतरला होता, अगदी बाईंच्याच बाजूला, खिडकीतून हात काढला असता तर लागला असता.

"अगं थांब!" घड्याळजी किंचाळले.

बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. म्हातारा शिव्या देत निघून गेला. बाई मुलीला म्हणाल्या, "आरसा कशाला दिलाय? माणूस दिसत नाही तुला?" मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिची काही चूक नव्हती. तिने बाईंचं ऐकलं होतं. हे घड्याळजींना मागून स्वच्छ दिसत होतं, आणि ते काही बोलले नाहीत.

मग त्यांना एकेक आठवायला लागलं. डावीकडच्या दाराच्या चौकटीला बाईंचा खांदा लागायचा. डाव्या हाताशी ठेवलेला पेला सांडायचा. त्यांनी त्या संध्याकाळी विषय काढला.

"अगं, एकदा डोळे दाखवून ये ना."

"का? मला काय धाड भरलीय? पेपर चष्म्याशिवाय वाचते मी."

"समोरचं नाही म्हणत मी. बाजूचं…"

"बाजूचं बघायला आरसे आहेत. तुम्ही आपलं भिंग सांभाळा."

विषय संपला. 'तो म्हातारा तुला दिसला नव्हता' एवढंच म्हणायचं होतं. पण जिच्या जिवावर आपलं घर चाललं, तिला आता तुझं काम थांबव, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि न सांगावं, तर उद्या कुणाचा तरी जीव जायचा. या कात्रीत सापडल्यावर भित्रा माणूस करतो ते त्यांनी केलं. दोष गाडीवर ढकलला. गाडी काही बोलत नाही. दोन-चार वेळा बंद पडली की बाईंचा भरवसा उडेल, त्या आपण होऊन शिकवणं सोडतील, आणि कुणाचं मन दुखवावं लागणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

तर त्या सकाळी मुलगी हिरमुसून परत गेली. बाई गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना फोन करायला वर आल्या आणि घड्याळजी "मी बघतो जरा" म्हणत खाली गेले. वायर होती तशी घट्ट केली. डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजल्याचं दाखवत लुकलुकत होतं, तेही लावून टाकलं.

मिस्त्री आले, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"घ्या," मिस्त्री म्हणाले. "काय झालंय हिला?"

"मला काय विचारता? मागच्या आठवड्यात हेच झालं. तुम्ही आलात की चालते, गेलात की मरते."

"बाई, मी एकूण एक वायर तपासलीय. हवं तर नवी बॅटरी टाकतो. पण खरं सांगू? यात मला काही सापडत नाही."

"सापडणार कसं? तुमचं वय झालं, मिस्त्री. आता पूर्वीसारखं दिसत नाही तुम्हाला. तसं सांगा ना सरळ."

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं घेतलं आणि स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसत राहिले. ठेंगणी पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताखालची. घड्याळजींना वाटलं, आत्ता सांगावं, इथेच, पाना काढून दाखवावा. त्यांनी खिशात हातही घातला. "मिस्त्री, चहा घेणार?" एवढंच तोंडातून निघालं.

"नको," मिस्त्री म्हणाले आणि निघाले.

इथे तरी थांबावं की नाही? पण लबाडीचं असं असतं, एकदा सुरू केली की ती पुरी झाल्याशिवाय केलेल्या पापाचंही चीज होत नाही. नवी बॅटरी बसली आणि चार दिवसांनी ठेंगणी पुन्हा बंद पडली. या वेळी बाई ओरडल्या नाहीत. मुलीला परत पाठवलं आणि मिस्त्रींना फोन न करता वर येऊन बसल्या. घड्याळजी लगबगीने खाली जाऊन सगळं सरळ करून आले. थोड्या वेळाने बाई पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. गाडी सुरू झाली. त्यांनी ती लगेच बंद केली आणि डॅशबोर्डकडे बघत तशाच बसून राहिल्या. मग पर्स घेऊन बसने कुठेतरी गेल्या त्या दुपार टळल्यावर आल्या.

"कुठे गेली होतीस?"

"काम होतं."

जेवताना त्या म्हणाल्या, "गाडी काढून टाकते. आता भरवसा उरला नाही."

हेच तर हवं होतं! घड्याळजींना हायसं वाटायला हवं होतं. पण हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. "बरं," ते कसेबसे म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि ताट उचललं.

रविवारी सिस्टर आली. ती इस्पितळात नर्स होती, बाईंकडेच गाडी शिकलेली. ड्युटीच्या वेळा भलत्यासलत्या, म्हणून तिला गाडी हवी होती. बाईंनी मिस्त्रींनाही बोलावून घेतलं होतं. ते लांबच उभे होते.

"मिस्त्रीकाका, घेऊ ना?" सिस्टरने विचारलं.

मिस्त्रींनी बाईंकडे बघितलं नाही. "नको घेऊस पोरी," ते म्हणाले. "माझ्याच हाताखालची आहे, पण खोटं कशाला बोलू? अवेळी कुठे उभी राहिली तर तू माझ्या नावाने खडे फोडशील. हिच्यात काहीतरी आहे आणि ते मला सापडत नाही. झोप उडालीय माझी."

"ठेंगणी? आणि बंद पडते?" सिस्टरला खरंच वाटेना. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

"मला नको विचारूस," बाई म्हणाल्या. "ह्यांना विचार. अहो, सांगा ना तिला. गाडीत काय खोट आहे?"

घड्याळजींनी आजूबाजूला बघितलं. शिंपी गॅलरीत येऊन उभा होता. मिस्त्री पहिल्यांदाच वर बघत होते. नुसतं 'जुनी झालीय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. गाडी भंगारात गेली असती, मिस्त्रींचं नाव गेलं असतं, आणि हे सुटले असते.

"काही खोट नाही," घड्याळजी म्हणाले.

"मग बंद का पडायची?"

"मी पाडायचो. वायर काढायचो मी. बॅटरीची." त्यांनी पाना काढून बॉनेटवर ठेवला. मग ते मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, तुमची काही चूक नाही. तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं आणि मी चहा विचारत होतो. मला माफ करा."

मिस्त्रींनी पाना उचलला, उलटा-सुलटा केला. "अहो, पण का?" ते म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता, पण आवाजात सुटका झाल्याचाच भाव जास्त होता.

घड्याळजी बाईंकडे बघत राहिले. तेवढं मात्र त्यांच्याने चारचौघांत बोलवेना. ते बाईच बोलल्या.

"मला दिसत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "डावीकडचं. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. गेलंय ते आता परत यायचं नाही म्हणाले. उरलंय तेवढं थेंब घालून राखायचं."

"म्हणजे तुला…" घड्याळजी म्हणाले. "तुला माहीत होतं? मी वायर काढतो ते?"

"गाडीतलं घड्याळ मी कायम दहा मिनिटं पुढे ठेवते. पोरी उशिरा येतात म्हणून. पहिल्यांदा ते बरोबर झालं तेव्हा मला वाटलं, मिस्त्रींनी लावलं असेल. मिस्त्रींच्या मनगटावर तरी घड्याळ आहे का? तिसऱ्या वेळी तर मिस्त्री आलेच नव्हते, आणि बघते तर मिनिटाला मिनिट बरोबर. असं घड्याळ लावणारा या गल्लीत एकच माणूस आहे." बाई क्षणभर हसल्यासारख्या झाल्या. "मग बसून विचार केला, हा माणूस असं का करेल? तेव्हा तुमचं ते 'बाजूचं' आठवलं. आणि तो म्हातारा."

"मग त्या दिवशीच का नाही विचारलंस मला?"

"तुम्ही आपण होऊन कधी सांगता ते बघत होते," बाई म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज सांगाल. जेवताना तुमच्या तोंडाकडे बघायचे मी."

घड्याळजींनी मान खाली घातली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"त्या बँकेतल्या पोरीला मी उगाच रडवलं," बाई म्हणाल्या. "उद्या तिच्या घरी जाऊन सांगायचंय. आणि मिस्त्री, तुमच्या वयाबद्दल बोलले मी. ते माझं मलाच लागू होतं."

"जाऊ द्या हो बाई," मिस्त्री म्हणाले. "गाडी चांगली आहे ना, मग झालं."

"सिस्टर, घे तू गाडी," बाई म्हणाल्या. "डोळे झाकून घे. हिने कुणालाच दगा दिलेला नाही. चल, एक चक्कर मारून दाखव, शिकवलेलं आठवतंय का बघते."

सिस्टर स्टिअरिंगवर बसली. बाई नेहमीसारख्या पुढच्या डाव्या दारापाशी गेल्या, दार उघडलं, आणि घड्याळजींना म्हणाल्या, "बसा."

"मी? पुढे? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला काही नको. तुम्हाला दिसतंय ना? डावीकडे जे दिसेल ते बोलायचं. तेव्हाच्या तेव्हा. मनात ठेवायचं नाही."

घड्याळजी बसले. पायाखाली बाईंचे ब्रेक आणि क्लच होते, त्यांना चुकून पाय लागू नये म्हणून त्यांनी गुडघे वर घेतले. बाई मागे बसल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी आली.

"सायकल," घड्याळजी म्हणाले.

"दिसली, काका," सिस्टर म्हणाली.

"बोलू दे त्यांना," मागून बाई म्हणाल्या.

"हातगाडी. एक कुत्रं. शाळेतली दोन मुलं, उतरतील बहुतेक…" घड्याळजी थांबले नाहीत. डोळे भरून आले की ते घाईघाईने बाहीने पुसत, आणि पुढचं सांगत.