तयार उत्तर

दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणायचे, डॉक्टरबाईसुद्धा. कुत्र्यामांजरांच्या त्या दवाखान्याचा फोन ती एकोणीस वर्षं उचलत आली होती. पण फोन एकच, आणि तो सदानकदा एंगेज. दोन महिन्यांपूर्वी विषबाधेनं एक मांजर दगावलं. त्याची मालकीण पाऊण तास नंबर फिरवत बसली होती. ते डॉक्टरबाईंच्या मनाला फार लागलं आणि त्यांनी मोबाइलवरच्या मेसेजची सोय करून घेतली. लोकांनी लिहायचं, ते काउंटरवरच्या स्क्रीनवर आणि ताईच्या मोबाइलवर उमटायचं, आणि नेहमीच्या तक्रारींना यंत्र आपणहून उत्तर द्यायचं. ती उत्तरं ताईनंच लिहिली. फोनवर हजारदा बोललेलं तोंडपाठ होतं, दोन संध्याकाळी बसून तिनं उतरवून काढलं.

लोक खूश होते. रोज कुणी ना कुणी हात जोडल्याची चित्रं पाठवायचं. ताईलाही हायसं वाटलं होतं. कानाला फोन चिकटवून तिची मान कायमची वाकडी व्हायची वेळ आली होती.

ही सोय सुरू झाल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी साडेबाराला काउंटर रिकामं होतं. ताईनं डबा उघडला आणि यंत्रानं सकाळपासून कुणाला काय सांगितलं ते एका हातानं वाचायला घेतलं. पिसवा, लस, नखं. मग मास्तरांचं नाव आलं.

मास्तर गाणं शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. बायको आधीच गेलेली, मुलगी परगावी. घरात ते आणि पैलवान, बेचाळीस किलोचा कुत्रा. फोनवर बोलता येत नाही म्हणून बारीकसारीक विचारायलाही त्यांना पैलवानला घेऊन पायी यावं लागायचं. मेसेज सुरू झाले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला होता.

अकरा पन्नासला त्यांनी लिहिलं होतं, "पैलवान सारखा उलटी करायला बघतोय. पोट टम्म झालंय." सोबत छोटा व्हिडिओ. खाली त्याच मिनिटाला गेलेलं उत्तर: "काळजी करू नका. दोन वेळा खायला देऊ नका. चमच्यानं थोडं थोडं पाणी पाजा. उद्या सकाळी घेऊन या." त्याखाली मास्तरांचं, "बरं. आभारी आहे."

ताईनं व्हिडिओ लावला. कुत्रा मान खाली घालून ओकाऱ्या काढत होता आणि तोंडातून लाळेशिवाय काही पडत नव्हतं. तिच्या हातातला घास तसाच राहिला. फोनवर उलटीची तक्रार आली की एकोणीस वर्षं तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: काही पडतंय का? उत्तर तिनं उतरवलं होतं. प्रश्न उतरवायचा राहिला होता.

डॉक्टरबाई आत एका मांजरीला टाके घालत होत्या. ताईनं मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी हात न थांबवता पाहिलं.

"जठराला पीळ पडलाय. पाण्यानं आणखी फुगेल. किती वेळ झाला?"

"पन्नास मिनिटं."

"आत्ता हवाय तो मला. तासाभरात पोट मोकळं झालं नाही तर वाचायचा नाही."

ताईनं लिहिलं, "पाणी देऊ नका. ताबडतोब घेऊन या." मेसेज पोचला, पण वाचला गेला नाही. पुन्हा लिहिलं. मग फोन लावला आणि तो वाजत राहिला. मास्तर फोन उचलत नसत. उचलून करणार काय? पैलवानच्या कार्डावर मास्तरांच्या मुलीचा नंबर होता, तो बंद. ताईनं पत्ता पाहिला, कंपाउंडरला काउंटरवर बसवलं आणि स्कूटर काढली. दोन सिग्नल लाल होते. दुसरा तिनं पाळला नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर फरशीवर बसले होते, पैलवानचं डोकं मांडीवर, बाजूला वाटी आणि चमचा. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. पाण्याकडे बोट दाखवून त्यांनी मान हलवली, जणू म्हणत होते, सांगितल्याप्रमाणे सगळं करतोय.

समजावत बसायला वेळ नव्हता. तिनं पलंगावरची चादर ओढली, पैलवानला त्यावर घेतलं. खालच्या लाँड्रीवाल्याला हाक मारली; त्यानं दोन टोकं धरली आणि आपली व्हॅन काढली. वाटेत कुत्रा एकदाही कण्हला नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

डॉक्टरबाई तयार होत्या. दार बंद झालं. मास्तर बाहेर बाकावर बसले आणि ताई हात धुऊन आत मदतीला गेली. पण बाहेरचा माणूस दार ठोठावून विचारूही शकत नव्हता. म्हणून तिनं खिशातून मोबाइल काढला आणि दर थोड्या वेळानं स्वतःच्या हातानं लिहीत राहिली.

"सुई घालून हवा काढली. फुगलेलं पोट बसलं."

"भूल दिली. श्वास चालू आहे."

"पीळ सोडवला."

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "पिळामुळे प्लीहा काळी पडलीय. काढावी लागेल. विचारा त्यांना, लवकर."

ताईनं लिहिलं, त्यात धोका आहे हेही लिहिलं. काही सेकंद स्क्रीनवर नुसतं "टाइप करत आहे" दिसत राहिलं. मग आलं, "काढा. तुम्ही तिथेच थांबा."

मध्ये एकदा पैलवानची नाडी इतकी मंदावली, की डॉक्टरबाईंनी हातातलं सोडून छाती दाबायला घेतली. ती दोन मिनिटं ताईनं काहीच लिहिलं नाही. खोटं लिहवेना आणि खरं लिहायला मन धजेना. नाडी परत लागली तेव्हा तिनं दोन्ही लिहिलं, काय झालं होतं ते आणि आता काय आहे ते.

तीन वाजता शेवटचा टाका पडला. ताई बाहेर आली आणि मास्तरांसमोर उभी राहिली.

"वाचलाय," ती म्हणाली. "पण तुम्हाला एक सांगायचंय. उद्या आणा, पाणी पाजा, हे मशीनचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. काही पडतंय का, ते न विचारता."

मास्तरांनी मोबाइलवर लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं: "मी तासभर त्याला पाणी पाजलं." आणि ते आत कुत्र्यापाशी गेले.

संध्याकाळी डॉक्टरबाई मेसेजची ही भानगडच बंद करायला निघाल्या होत्या. ताईनं अडवलं. बंद केलं तर मास्तरांनी कुठे ओरडायचं, असं ती म्हणाली. दोघींनी बसून सगळी तयार उत्तरं काढून टाकली. वेळ, पत्ता, लसीची तारीख, एवढंच यंत्राकडे ठेवलं. आजाराचं किंवा वेगळं काही आलं की बेल वाजणार आणि कुणीतरी वाचून आधी प्रश्न विचारणार, असं ठरलं.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी टाके काढायला पैलवान स्वतःच्या पायांनी आला, बारीक झालेला पण शेपटी हलवत. मास्तरांनी ताईला नमस्कार केला नाही. टाके निघाले, ते निघून गेले. पाचेक मिनिटांनी काउंटरवर बेल वाजली.

"राग गेलेला नाही," त्यांनी लिहिलं होतं. "पण पुढच्या लसीला इथेच येईन. तारीख कळवा."

ताईनं तारीख स्वतः टाइप केली.