लालबीच्या मिरचीतला सोंड्या

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, दिवाळी सरली आणि आमच्या शेतकी ऑफिसात एक पत्रक आलं. परमुलखातला एक सोंड्या किडा इकडच्या मिरचीत शिरलाय का, ते शोधायचं होतं. गळालेली मिरची गोळा करायची, फोडून बघायची आणि किडा सापडला तर अख्खं रान उपटून जाळायचं. कामगिरी माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

कसबा बावड्यात लालबीची पाच गुंठे मिरची होती. नवरा ट्रकवर, त्यामुळं घागरीनं पाणी घालून रोपं तिनं एकटीनंच जगवलेली. मिरची लालभडक झाली होती, पहिली तोड दोन दिवसांवर आलेली.

"बघा सायब, एका झाडाला कीड घावायची न्हाय," ती म्हणाली.

असल्या बढाया मला आवडत नसत. गळलेली मिरची पिशवीत भरली, बांधावर बसलो आणि पिशवी कागदावर ओतली. मिरच्यांबरोबर एक सोंड्या पडला आणि सावकाश चालू लागला. त्याच्यामागून दुसरा.

"सापडला!" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या रानातली माणसं उठून बघायला लागली. मग लालबीचं तोंड बघितलं आणि माझा आनंद तिथंच विरला.

"उपटायला लागंल," मी हळूच म्हणालो.

"उपटायच्या आदी फोडा की!" तिनं पदर खोचला. "आतनं निघाला आसंल तर मिरचीला भोक पायजे. दावा मला."

पत्रकातही तेच लिहिलं होतं, मीच विसरलो होतो. दोघं मिरच्या फोडत बसलो. शंभरेक फोडल्या, पण ना भोक, ना अळी. तेवढ्यात घाम पुसायला माझा हात डोळ्याकडं गेला आणि मी बांधावर थयथया नाचायला लागलो. लालबीनं हसू दाबत डोळ्यांवर पाणी मारलं. मग तिनं पिशवी उलटी करून झटकली. शिवणीतनं तांदळाचे चार दाणे पडले. एकाला भोक आणि भोकात सोंड्या.

"ह्यो तांदळातला हाय, सायब. तांदूळ कुनाचा?"

आदल्या दिवशी मलकापूरला धोंडुबाईच्या रानात ह्याच तपासणीला गेलतो. पावण्यानं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिनं दोन शेर जुना तांदूळ ह्याच पिशवीत ओतला होता. घरी तो डब्यात रिकामा केला आणि पिशवी न झटकता तशीच घेऊन निघालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा सुटका मोठी होती.

फॉर्मवर 'किडा आढळला नाही' असं लिहून उठलो, तर लालबीनं पिशवी हिसकावून घेतली.

"अहो, नको! चालत नाही आम्हाला!"

"गप बसा. पावणं हाईसा."

तिनं पिशवी बांधावर तीनदा आपटली, शिवण उलटी करून डोळ्यांजवळ धरून बघितली आणि मग रानात शिरली. तासाभरापूर्वी जी झाडं मी उपटायला निघालो होतो, त्यांची पहिली तोड माझ्याच पिशवीत आली.