अर्धी राहिलेली ओळ

देवानं त्या व्हॅनवाल्याला गळा दिला नव्हता, पण कान मात्र दिला होता. आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना गाणाऱ्या मंडळींना तो गावोगाव न्यायचा. मागे कोण जागं, कोण पेंगतंय, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. त्या मंडळींत त्याची बायकोही होती.

गाडीच्या कंपनीचे फोन येऊन गेले होते. मागच्या एसीची हवा घेणारी झडप नीट मिटत नाही, इंजिनाचा धूर आत शिरू शकतो. गाडी आणा, फुकट बदलून देतो.

"जाऊन या की एकदा," बायको म्हणाली होती.

"गार हवा येतेय ना? मग झालं. दुखत नाही तिथं डॉक्टर कशाला?"

"दुखायला लागलं की सगळ्यांनाच दुखेल हो."

त्या दुपारी ऊन रणरणत होतं. मागच्या काचा बंद, एसी जोरात. त्याच्या बाजूची काच तेवढी उघडी, कारण गार वाऱ्यानं त्याचा खांदा धरायचा.

मंडळींची एक रीत होती. शेवटची प्रार्थना म्हणताना एकेकानं गप्प होत जायचं. मग खर्जात गाणारे खर्जमामा थांबायचे, आणि उरलेली ओळ एकटी त्याची बायको पुरी करायची.

पूल ओलांडला नि मागे सरावाला म्हणून तीच प्रार्थना सुरू झाली. आधी मास्तरीणबाई गप्प झाल्या. मग दोघी बहिणी.

"आज लवकर आवरताय. भुका लागल्या वाटतं," तो म्हणाला. उत्तर आलं नाही; गाण्यात कोण बोलणार? आवाज पिकल्या पानांसारखे अलगद गळत गेले. इतकं गोड त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

मग त्याची बायको थांबली.

खर्जमामा मात्र चालूच होते. एकच शब्द, पुन्हा तोच, झोपेत बरळल्यासारखा. मग तेही विझले.

क्रम चुकला होता.

"अगं," त्यानं हाक मारली. मागे फक्त एसीची घरघर. आरशात पाहिलं, तर सगळे आपापल्या जागी नीट बसलेले, माना एकाच बाजूला कललेल्या, ओठ अजून गात असल्यासारखे उघडे.

गाडी कशी थांबली, दारं कशी उघडली, त्याचं त्याला ठाऊक नाही. एकेकाला ओढत त्यानं झाडाखाली आणलं. मास्तरीणबाई खोकल्या. बहिणी रडू लागल्या. मामा ओकले आणि म्हणाले, "कोण आलं होतं रे गाडीत?"

बायको तेवढी हलेना.

त्यानं तिच्या ओठांशी कान नेला. देवानं दिलेला तोच कान. किती तरी वेळ काहीच नाही. मग केसाएवढा श्वास.

"कुठपर्यंत आले होते मी?" तिनं विचारलं.

त्याला नेमकं ठाऊक होतं. शब्दाच्या मध्यावर. पण तो शब्द त्याच्या तोंडून निघेना, आणि ती डोळे मिटून वाट बघत राहिली.