गोल पेशींपाशी

काचपट्टीच्या कडेवर तपकिरी रंगाचा एक ठिपका वाळून बसला होता, आणि नख पांढरं पडलं तरी ती तो खरवडतच होती... बावीस वर्षं हेच काम – उंदराच्या वृषणाचा केसाहून पातळ काप घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कापात दिसणाऱ्या बारीक नळीच्या कडेला कोवळ्या पेशी, आत सरकता सरकता गोल झालेल्या. मग त्यांच्यात ते एक प्रथिन उमटतं, तपकिरी दिसतं, आणि पेशी लांबते, तिला शेपूट फुटतं, तिचा शुक्राणू होतो. नाही उमटलं तर गोल ती गोलच. पुढे काही नाही.

सकाळी मुलानं स्वतःच्या तपासणीचा कागद पुढे केला होता. "आई, तुला यातलं कळतं. वाच जरा."

तिनं उभ्या उभ्याच वाचला. वाढ गोल पेशींपर्यंत. प्रथिन आढळलं नाही. तारीख – दोन वर्षांपूर्वीची.

"दोन वर्षं?"

"सांगणार होतो गं. पण मूल होत नाही म्हणून घरात सगळे तिलाच बोलत होते, मग..."

मग काय! मग तू तोंडात मिठाची गुळणी धरलीस, बायको बोलणी खात राहिली, आणि गेल्या महिन्यात बॅग उचलून माहेरी गेली तेव्हाही तू...

"बाई, काच फुटेल," मागून प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

"फुटू दे."

पण सगळे म्हणजे कोण? घरात माणसं तीन. बोलणारं तोंड एकच – "आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही हो!" दिवसभर नराचेच दोष मोजायचे आणि संध्याकाळी सुनेला ऐकवायचं. एकदाही मनात आलं नाही, की याचीही तपासणी... आलं होतं. भाजी चिरताना आलं होतं. मी ते गिळलं. माझा मुलगा – म्हणून गिळलं.

ती जिन्यात गेली, सुनेला फोन लावला.

"बोला, आई."

"तुला माहीत होतं? त्याचा रिपोर्ट?"

"हो. तेव्हापासूनच."

"मग माझ्या तोंडावर का नाही फेकलास?"



"त्यानं शपथ घातली होती. आणि... मला वाटायचं, तुमच्या तुम्हालाच कळेल. तुमचं तर कामच ते."

फोन बंद झाला. कोणीतरी बाजूनं खाली उतरून गेलं, काहीतरी विचारून गेलं. तिनं ऐकलं नाही. राग होता, सकाळइतकाच होता – पण मुलाचा चेहरा समोर आणून पाहिला, तर राग त्याच्यावर ठरेना, वळून तिच्यावरच येत होता...